चौथ्या घरातला रिषभ

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी व्यापारी जुनी वही मिटतो आणि नव्या वहीवर कुंकू लावतो. पण मिटण्यापूर्वी एक काम तो न चुकता करतो. कोणाकडून येणे आहे आणि कोणाचे देणे आहे, यावरून एकदा बोट फिरवतो. टीका लिहिणाऱ्या माणसांत ही चाल का पडली नाही, याचे मला नवल वाटत आले आहे. आम्ही वर्षभर निकाल देतो. अमुक कादंबरी फसली, तमुक नाटक रंगले, अमक्याचा गळा तयार पण रुक्ष. दिलेला निकाल पुन्हा उघडून बघण्याचा प्रसंग मात्र आम्ही सहसा येऊ देत नाही. यंदाच्या दिवाळीत माझ्या वहीतले एक जुने देणे मी चुकते करणार आहे. देणे लहान आहे, कारण ज्या वाद्याविषयी ते आहे ते वीतभरही नाही. पण ते माझ्या नावावर सतरा वर्षे पडून आहे.

सतरा वर्षांपूर्वी आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी मुलांची निवड करणाऱ्या तिघा शिक्षकांत मी होतो. नववीतला एक मुलगा पुढे आला, त्याने चड्डीच्या खिशातून माउथ ऑर्गन काढला, सदऱ्याला पुसला आणि वाजवायला सुरुवात केली. दोन ओळीही झाल्या नसतील. मी हात वर करून त्याला थांबवले आणि म्हणालो, "हे जत्रेतलं खेळणं आहे रे. यात मींड नाही, आंदोलन नाही. संमेलनात वाद्य वाजवायचं असतं." मुले हसली. तो मुलगा हसला नाही, रडलाही नाही. वाद्य खिशात घालून आपल्या बाकावर जाऊन बसला.

एवढ्यावर भागले असते तर हा एका मास्तराचा उतावळेपणा ठरला असता. पण मी लेखकही आहे. काही महिन्यांनी पेटीच्या साथीवर लिहिलेल्या एका लेखात मी माउथ ऑर्गनला "पेटीचे सगळे दोष घेऊन आणि तिचा एकही गुण न घेता जन्मलेले शेंडेफळ" म्हटले. ते वाक्य काही वाचकांना आवडले. मलाही फार आवडले होते. चटकदार वाक्याचा हाच धोका असतो. ते लिहिणाऱ्याला इतके सुखावते की ते खरे आहे की नाही, हे तपासायला तो मागे वळत नाही.

वाक्यातला नात्याचा भाग मात्र खोटा नव्हता. माउथ ऑर्गन आणि बाजाची पेटी ही एकाच कुळातली. दोन्हींत पितळी पत्त्या असतात. हवा गेली की पत्ती थरथरते आणि स्वर निघतो. पेटीला हवा भाता पुरवतो, माउथ ऑर्गनला आपली छाती. या कुळावर आपल्याकडे जुना राग आहे. पेटीचा स्वर पट्टीखाली जखडलेला असतो. रिषभाची पट्टी दाबली की रिषभ, गांधाराची दाबली की गांधार, आणि मधल्या वाटेवर पाऊल ठेवायला जागाच नाही. आपल्या गाण्याचा जीव तर बहुतेक त्या मधल्या वाटेवर असतो. म्हणून १९४० साली आकाशवाणीने पेटीला दाराबाहेर काढले, आणि ती बंदी सैल व्हायला १९७१ साल उजाडले. मी माझा निकाल दिला तेव्हा या साऱ्या इतिहासाचे बळ माझ्या पाठीशी आहे असे मला वाटत होते.

आणि कानांवर जे पडत होते तेही माझ्या बाजूचेच होते. माउथ ऑर्गन आम्हां सर्वांना सिनेमाने ऐकवला. 'सोलवा साल' (१९५८) मधले आगगाडीच्या डब्यातले हेमंतकुमारांचे गाणे आठवा. त्यातला माउथ ऑर्गन तरुण राहुलदेव बर्मन यांनी वाजवला होता. 'दोस्ती' (१९६४) मध्ये कुबड्या घेऊन चालणारा रामू तो वाजवतो आणि आंधळा मोहन गातो. तिथेही वाजवणारे राहुलदेवच. 'शोले'त (१९७५) संध्याकाळी राधा एकेक दिवा मालवत जाते आणि समोर बसलेला जय माउथ ऑर्गन वाजवत राहतो. हे प्रसंग कोणी विसरलेले नाही. पण तिन्ही ठिकाणी हे वाद्य म्हणजे एका स्वभावाची खूण आहे. भटक्याची, पोरक्याची, एकट्याची. वाद्य म्हणून त्याची ताकद किती, हा प्रश्न त्या गोडव्यात आम्हांला पडलाच नाही.

दोन वर्षांपूर्वी नरकचतुर्दशीच्या पहाटे तो मुलगा आमच्या दाराशी उभा राहिला. आता तो मुलगा कसला. तिशी ओलांडलेला, परगावी नोकरी करणारा गृहस्थ. फराळाच्या ताटाला हात लावण्याआधी त्याने खिशातून माउथ ऑर्गन काढला, त्याच जुन्या सवयीने सदऱ्याला पुसला, आणि म्हणाला, "सर, तेव्हा दोन ओळी राहिल्या होत्या."

त्याने भैरवाचे स्वर वाजवले. भैरव सकाळचा राग. त्यात रिषभ आणि धैवत कोमल, आणि तेही नुसते कोमल नव्हेत, आंदोलित. म्हणजे स्वर एका जागी खिळून उभा राहत नाही; समईची ज्योत बारीक वाऱ्यात हलावी तसा आपल्या जागेवर हलत राहतो. मला जो पेटीवर कधी ऐकायला मिळणे शक्य नाही असे मी लिहून बसलो होतो, तो हलणारा रिषभ त्या वीतभर खेळण्यातून येत होता. वाजवून झाल्यावर त्याने ते वाद्य टेबलावर ठेवले. "चौथ्या घरात श्वास ओढला की शुद्ध रिषभ येतो. तो वाकवून कोमल करून बघा सर. मग खेळणं म्हणा." वाद्य तिथेच ठेवून तो गेला.

मी संगीतातला पंडित नव्हे. शाळेतले शिक्षणही मॅट्रिकपुरतेच. पण आव्हान समजण्याइतकी अक्कल मला आहे.

या वाद्याला दहा भोके असतात. तो मुलगा त्यांना घरे म्हणतो आणि मीही म्हणतो. प्रत्येक घरात दोन पत्त्या राहतात. फुंकले की एक बोलते, श्वास आत ओढला की दुसरी. काळ्या एक, काळ्या दोन अशा आपल्या भाषेत न सांगता सरळ सरगमीत सांगतो. चौथ्या घरात फुंकले की षड्ज, ओढले की रिषभ. पाचव्यात फुंकून गांधार, ओढून मध्यम. सहाव्यात फुंकून पंचम, ओढून धैवत. सातव्यात ओढून निषाद आणि फुंकून वरचा षड्ज. मधले सप्तक असे पुरे आहे. पण खालच्या सप्तकात मध्यम आणि धैवत नाहीत, आणि वरच्यात निषाद नाही. कारागिराची ही चूक नव्हे. हे वाद्य युरोपातल्या लोकांच्या नाचगाण्यांसाठी मांडले गेले. खालची तीन-चार घरे एकदम फुंकली की एक स्वरमेळ आणि एकदम ओढली की दुसरा, एवढी सोय त्यांना हवी होती. त्या सोयीपायी दोन-तीन स्वरांना घर मिळाले नाही. ट्रॉसिंगेन गावच्या माथिआस होनर नावाच्या घड्याळजीने १८५७ साली हा धंदा सुरू केला आणि हे स्वस्त वाद्य जगभर पोचवले, ते असे काही स्वर गाळूनच.

आता वाकवणे म्हणजे काय ते सांगतो. चौथ्या घरात ओढल्यावर वरची रिषभाची पत्ती बोलते, षड्जाची गप्प असते. पण तोंडातली पोकळी जर विशिष्ट बेताने वाढवली, जिभेचा मागचा भाग खाली आणि मागे नेला, तर ती गप्प पत्तीही कामात भाग घेऊ लागते आणि स्वर घसरत खाली येतो. तो शेजारणीच्या स्वरापर्यंत कधी पोचत नाही. तिच्या थोडा वरच थांबतो. म्हणजे कोणत्या घरात स्वर किती वाकेल हे त्या घरातल्या दोघींमधल्या अंतरावर अवलंबून आहे. चौथ्या घरात षड्ज आणि रिषभ यांच्यामध्ये एकच मुक्काम, कोमल रिषभ. तिसऱ्या घरात पंचम आणि निषाद राहतात. तिथे कोमल निषाद, शुद्ध धैवत, कोमल धैवत असे तीन मुक्काम मिळतात. पाचव्या घरात गांधार आणि मध्यम अगदी खेटून राहतात; तिथे मुक्कामच नाही. स्वर जरा मलूल होतो, एवढेच. खालच्या सप्तकात जे मध्यम आणि धैवत गाळले गेले होते ते दुसऱ्या आणि तिसऱ्या घरात असे वाकवूनच सापडतात. पत्त्यांच्या या वागण्याचा बारकाईने अभ्यास करणाऱ्यांत हेन्री बानसन हे अमेरिकेतले हृदयशल्यविशारद होते. ते स्वतः हे वाद्य वाजवीत, आणि त्यांचा व त्यांच्या सहकाऱ्यांचा निबंध १९९८ साली प्रसिद्ध झाला.

हे लिहायला सोपे आहे. करायला मला पाच महिने लागले.

पहिला महिना एक घर वेगळे काढण्यातच गेला. एका घराचे दार ठोठवावे तर तीन घरे उघडत. मग चौथ्यात ओढायला लागलो. स्वर वाकेना, म्हणून अधिक जोराने ओढले. तो चिरडला, किंचाळला, पण खाली उतरला नाही. स्वयंपाकघरातून विचारणा झाली, "अहो, मांजर कुठं अडकलंय का बघा जरा." मी आणखी जोर केला. दीड महिन्यात त्या घराची पत्ती थकली आणि रिषभ कायमचा उतरला. शुद्धही नाही, कोमलही नाही. दुसरे वाद्य आणावे लागले. त्या दिवशी मुलगी म्हणाली, "बाबा, तुम्ही ओढता फार. ऐकतच नाही."

तीस मुलांच्या वर्गात हे वाक्य मी आयुष्यभर वेगळ्या शब्दांत उच्चारत आलो आहे, आणि ते मला माझ्याच घरात ऐकावे लागले. मी त्या मुलाला फोन केला. तो म्हणाला, "सर, वाद्य बाजूला ठेवा. श्वास आत घेत शीळ घाला, आणि ती शीळ खाली उतरवत न्या. जीभ कुठे जाते ते लक्षात ठेवा. 'ई' म्हणता म्हणता 'ऊ'कडे जा." इतर वाद्ये शिकवताना गुरू बोट दाखवतो. इथे दाखवण्यासारखे काहीच नाही. सारे ओठांच्या आड घडते. शिकणाऱ्याने आपल्याच तोंडातल्या काळोखात चाचपडत ती जागा शोधायची असते, आणि चाचपडताना जोर करून चालत नाही. तिसऱ्या महिन्यात एका संध्याकाळी रिषभ क्षणभर खाली झुकला आणि परत गेला. तो क्षणभरच होता, पण त्याला मी पाडले नव्हते. जागा करून दिली तेव्हा तो आपण होऊन आला होता. पुढचे दोन महिने मोबाइलमधला तंबोरा लावून त्याला त्या जागी ठरायला शिकवण्यात, म्हणजे मला ठरायला शिकण्यात गेले.

इतके झाल्यावर टीकाकार म्हणून बोलण्याचा अधिकार मला पहिल्यांदा आला असे मी समजतो. म्हणून आता बोलतो.

वाकलेल्या स्वराची खरी शाळा अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय वादकांनी उघडली. दक्षिणेतल्या गरीब माणसाला परवडणारे हे वाद्य. त्याने कारागिराने ठरवलेला षड्ज बाजूला सारला आणि दुसऱ्या घरात ओढून येणारा पंचम हाच आपला षड्ज मानला. त्यासरशी ज्या पत्त्या वाकतात त्या नेमक्या त्याच्या गाण्याच्या कामी आल्या. कारण ब्लूज नावाच्या त्याच्या गाण्यातला गांधार धड शुद्ध नसतो, धड कोमल नसतो, आणि तो गांधार आता तिसऱ्या घरात वाकवून मिळू लागला. डीफर्ड बेली हा टेनेसीचा वादक नॅशव्हिलच्या रेडिओवरून आगगाडीचा आवाज या वाद्यातून उभा करी. 'पॅन अमेरिकन ब्लूज' ही त्याची तबकडी १९२७ सालची. पोरवयात दृष्टी गमावलेला सॉनी टेरी स्वतःच्या गळ्यातली आरोळी आणि वाद्यातला वाकलेला स्वर असे गुंफी की गळा कुठे संपला हे कळू नये. १९३८ साली तो न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये वाजवून आला. लिटल वॉल्टरने १९५२ साली शिकागोत 'ज्यूक' ध्वनिमुद्रित केले. त्यात एक शब्द नाही, फक्त वाजवणे. आणि तरीही ते अमेरिकेतल्या 'रिदम अँड ब्लूज'च्या यादीत आठ आठवडे अव्वल राहिले.

या तिघांना ऐकून मी वाकलेल्या स्वराच्या तीन कसोट्या मनाशी ठरवल्या आहेत. तो कुठून निघतो, कुठे थांबतो आणि परत कसा जातो. कच्चा वादक निघणे दाखवतो. टाळ्या तिथेच पडतात. बरा वादक थांबण्याची जागा अचूक गाठतो. पण परत जाताना स्वर हातातून सुटला की गेला, असे न होता तोही पायऱ्या मोजत जावा, हे फार थोड्यांना साधते. लिटल वॉल्टर ऐकताना मला हे तिसरे नेहमी जाणवते.

इथे सतारीची आठवण होते. सतारीची तार पडद्यावर ओढली की स्वर चढतो. उतरती मींड घ्यायची तर वादक तार आधीच ओढून ठेवतो, मग छेडतो आणि सैल सोडतो. माउथ ऑर्गनची रीत बरोबर उलटी. इथे स्वर उतरतोच. चढती मींड हवी तर आधीच वाकलेल्या स्वरावर जन्म घ्यावा लागतो आणि मग सरळ व्हावे लागते. दोन्ही ठिकाणी एक दिशा वाद्य देते आणि दुसरी वादकाला आधीच मनात धरून ठेवावी लागते. ज्या वाद्यात मींड नाही म्हणून मी शिक्का मारला, त्यात ती होती. फक्त सतारीच्या पाठीला पाठ लावून उभी होती.

तरी उलट टोकाला जाऊन चुकीची भरपाई करण्याचा माझा विचार नाही. त्या पहाटेचा भैरव मी पुढे स्वतःच्या तोंडाने तपासला. दोनच स्वर वाकवावे लागतात. चौथ्या घरातला रिषभ आणि सहाव्यातला धैवत. बाकीचे सरळ मिळतात. आंदोलन येते, आणि पेटीला ते येत नाही. पण भैरवात मध्यमावरून रिषभावर उतरणारी जी लांब मींड गवई घेतात, ती इथे शक्य नाही; मध्यम एका घरात, रिषभ दुसऱ्या घरात, आणि भिंतीतून मींड जात नाही. मधल्या सप्तकात कोमल गांधार नुसत्या वाकवण्याने मिळत नाही. म्हणजे तोडी आणि भैरवी दाराबाहेरच राहतात. ओव्हरब्लो नावाची याहून अवघड युक्ती हॉवर्ड लेव्ही या अमेरिकन वादकाने १९७० च्या सुमारास शोधली आणि तिने ते दारही किलकिले केले; मला ती साधलेली नाही. तेव्हा हे वाद्य ख्यालाला पुरे पडेल असे मी म्हणणार नाही. रागाची रेघ ते काढू शकते, आणि त्या रेघेतले दोन बिंदू जिवंत हलवू शकते.

शिवाय वाकवणे जमू लागले की एक रोग जडतो. सरळ स्वर सरळ ठेवणे जिवावर येते. प्रत्येक स्वराला खांद्याला धरून झुकवावेसे वाटते. हा रोग मला ओळखीचा वाटला, कारण माझ्या पहिल्या दोन कादंबऱ्या त्यानेच आजारी आहेत. त्यांतले एकही पात्र साधे पाणी पीत नाही. डोळ्यांत काहीतरी दाटून आल्यावरच पिते. आजूबाजूला सरळ स्वर असतात म्हणून वाकलेल्याला अर्थ असतो, हे मला एका माउथ ऑर्गनने चाळिशी उलटल्यावर शिकवले.

आता देणे. माझे जुने वाक्य मी मागे घेतो. माउथ ऑर्गनने पेटीचे सगळे दोष घेतले नाहीत. ज्या दोषापायी पेटी तीस वर्षे दाराबाहेर बसली, नेमका तोच या शेंडेफळाने काही घरांपुरता टाळला आहे. माझा निकाल चुकला तो अज्ञानाने नव्हे. पेटीविषयी मला जे ठाऊक होते ते खरेच होते. तो चुकला कारण मी दोन ओळींवर हात वर केला. टीकाकाराला कान असतो की नाही हा प्रश्न पुढचा. आधी त्याच्यापाशी संपूर्ण ओळ ऐकण्याइतका दम हवा. जो दम चौथ्या घरात लागतो तोच इथेही लागतो.

हे सारे मी त्या मुलाला गेल्या महिन्यात पत्राने कळवले. त्याचे उत्तर एका ओळीचे आले, "सर, आता तिसरे घर."

तिसऱ्या घरात तीन मुक्काम आहेत. पहिला अजून हाती लागलेला नाही. यंदा नरकचतुर्दशीला अभ्यंगस्नान उरकून मी अंगणात बसणार आहे. घरातल्यांना तशी सूचना दिली आहे. "दार लोटून घ्या म्हणजे झालं," असे उत्तर मिळाले. दार मी लोटणार नाही. ज्याला थांबवायचे असेल त्याने खुशाल हात वर करावा. दोन ओळी झाल्यावर मात्र नव्हे, पुऱ्या झाल्यावर.